फवारणी झाली, तरी पाने गळत नाहीत: डाळिंबाच्या पानगळीचे समस्या निवारण, बागायतदारांच्या मुलांसाठी

सांगोला, आटपाडी, जत, मालेगाव, सटाणा या भागांत ज्यांच्या घरी डाळिंबाची बाग आहे, त्या मुलांना पानगळीचे दिवस वेगळे सांगावे लागत नाहीत. महिना-दीड महिना बागेचे पाणी तोडलेले असते, झाडे मलूल दिसू लागतात, मग एका सकाळी पाने मुद्दाम गाळण्यासाठी इथेफॉन या औषधाची फवारणी होते आणि पुढचे आठ-दहा दिवस घरातला जो कोणी बागेत जाईल तो आधी झाडाच्या बुडाशी किती पाने पडली ते पाहतो. काही वर्षी बाग ठरल्याप्रमाणे मोकळी होते. काही वर्षी निम्मी पाने झाडावरच राहतात, एखाद्या वर्षी पाने भाजल्यासारखी तपकिरी होऊन फांदीला लटकत राहतात, आणि एखाद्या वर्षी पाने तर गळतात, पण त्यांच्यामागोमाग काड्याही वाळतात. अशा वेळी घरात पहिला संशय औषधाच्या बाटलीवर घेतला जातो. बाटली खोटी असूच शकत नाही असे नाही. परंतु बहुतेक वेळा दोष तिच्यात नसतो, आणि तो कुठे आहे हे सहावी-सातवीतल्या मुलालाही पानाकडे नीट पाहिल्यास ओळखता येते.

त्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. औषध पान पाडत नाही. पान झाड स्वतः सोडते आणि औषध त्याला पान सोडण्याचा निरोप तेवढा पोचवते. त्यामुळे पानगळ बिघडली की तीनच शक्यता उरतात. एक तर निरोप पोचला नाही, किंवा पोचला पण झाडाची तयारी नव्हती, किंवा तो इतक्या जोराने आला की पान सुटण्याआधीच मेले. पुढची सगळी तपासणी या तिन्हींपैकी आपल्या बागेत काय घडले हे शोधण्याची आहे.

पान सुटते कसे

डाळिंबाचे पान लहान, तुळतुळीत आणि अरुंद असते व त्याच्या आखूड देठावर बऱ्याचदा लालसर छटा दिसते. हा देठ काडीला जिथे जोडलेला असतो तिथे पेशींचा एक अतिशय पातळ पट्टा असतो. पान तरुण आणि जोमदार असते तोवर हा पट्टा काहीही करत नाही, कारण पानाच्या पात्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक (हार्मोन) तयार होऊन ते देठातून काडीकडे सतत वाहत असते आणि हा ओघ चालू आहे तोपर्यंत पट्ट्यातील पेशी बाकीच्या घडामोडींना दाद देत नाहीत. पान जुने झाले, सावलीत गेले किंवा त्याला पाणी कमी पडले, की ऑक्झिनचा ओघ आटतो. त्याच सुमारास झाडात इथिलीन या वायूचे प्रमाण वाढते. मग पट्ट्यातील पेशी अशी विकरे (एन्झाइम) सोडू लागतात, की ज्यांच्यामुळे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन आणि पेशींच्या भिंतींतील सेल्युलोज विरघळत जाते. शेवटी पान केवळ शिरांच्या दोन-चार धाग्यांवर टेकलेले राहते आणि वाऱ्याची झुळूक आली की पडते. पडण्यापूर्वीच काडीच्या बाजूला बुचाच्या पेशींचा थर तयार होऊ लागतो, म्हणून जखम उघडी राहत नाही.

येथे मुलांनी एक फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावा. आपोआप गळलेल्या पानाची काडीवरची खूण भिंगाखाली गुळगुळीत दिसते. हिरवेगार पान ओढून तोडले तर मात्र देठाबरोबर सालीची बारीक चिंधी निघून येते. पुढच्या तपासणीत याच खुणेचा सर्वात जास्त उपयोग होणार आहे.

इथिलीनचा हा गुण माणसाला गमतीशीर रीतीने कळला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत रस्त्यावरचे दिवे कोळशापासून काढलेल्या वायूवर जळत असत आणि जमिनीखालची नळी जिथे गळत असे, तिथल्या झाडांची पाने अकाली गळत असत. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील दिमित्री नेल्युबोव्ह या संशोधकाने प्रयोगशाळेतील वाटाण्याची रोपे वेडीवाकडी का वाढतात याचा शोध घेताना दिव्याच्या वायूतील इथिलीनला दोषी ठरवले. वनस्पती स्वतःदेखील हा वायू तयार करतात, हे रिचर्ड गेन यांनी इंग्लंडमध्ये पिकलेल्या सफरचंदांवर काम करून १९३४ मध्ये दाखवून दिले. म्हणजे दिव्याचा वायू झाडांना जे सांगत होता, तेच झाडे एरवी स्वतःला सांगत असतात.

वायू उघड्या बागेत फवारता येत नाही. तो क्षणात उडून जाईल. म्हणून इथेफॉन वापरतात. इथेफॉन हे आम्लधर्मी रसायन आहे आणि आपल्याकडे ते बहुधा ३९ टक्के तीव्रतेच्या द्रावणात मिळते. बाटलीत ते टिकून राहते, कारण बाटलीतील द्रावण चांगलेच आम्ल असते. पानात शिरल्यावर पेशीरसाचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) सातच्या आसपास असल्यामुळे ते तुटते आणि त्यातून इथिलीन, फॉस्फेट आणि क्लोराइड मोकळे होते. वायू असा थेट पानाच्या आत तयार होतो. इथेफॉनच्या या स्वभावातच पुढच्या निम्म्या अडचणींचे मूळ आहे.

आणि पाने गाळायचीच कशाला, हा प्रश्न मुले हमखास विचारतात, तेव्हा त्याचेही उत्तर देऊन ठेवतो. जिथे हिवाळा कडक असतो तिथे डाळिंब थंडीत आपणहून पाने टाकते आणि वसंतात एकदम फुलते. महाराष्ट्रातील थंडी त्याला तेवढी पुरत नाही. त्यामुळे इथे झाड वर्षभर थोडी थोडी पाने टाकते आणि वर्षभर थोडी थोडी फुले काढते, जे झाडाला चालते पण शेतकऱ्याला चालत नाही. सगळी फळे एकाच वेळी तोडणीला यावीत म्हणून आधी पाणी तोडून झाडाला ताण देतात, काड्यांत अन्नाचा साठा होऊ देतात, मग पानगळ करून हलकी छाटणी करतात, खते देतात आणि पाणी सोडतात. फुलोऱ्याच्या अशा हंगामाला बहार म्हणतात. आंबे बहारासाठी हे काम डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होते, मृग बहारासाठी मे महिन्यात आणि हस्त बहारासाठी सप्टेंबरच्या आसपास. या तीन वेळांचे हवामान तीन तऱ्हांचे असते आणि बिघाडही तीन तऱ्हांचे होतात.

पहिली तपासणी: पानाला हात लावा

फवारणीला आठ दिवस होऊन गेल्यावर, औषध पूर्ण वाळलेले आहे याची मोठ्या माणसांकडून खात्री करून घेऊन, बागेच्या चार कोपऱ्यांतील आणि मधल्या भागातील काही झाडे निवडा. प्रत्येक झाडाचे शेंड्याकडचे, मधले आणि आतल्या बाजूचे एकेक पान बोटाने हळूच खाली ढकला. ओढू नका, नुसते ढकला. नंतर हात साबणाने धुवा.

पान पिवळे किंवा पिवळसर लाल आहे आणि बोट लागताच पडते, तर बिघाड नाही; आणखी तीन-चार दिवस थांबायचे आहे. पान हिरवे आहे आणि जागचे हलत नाही, तर निरोप पोचलेला नाही किंवा झाडाची तयारी नाही. पान तपकिरी होऊन कुरकुरीत वाळले आहे, हातात चुरा होतो, पण देठ काडीला घट्ट चिकटून आहे, तर पान सुटण्याआधी मेले आहे. पान पडले आहे पण काडीचे टोक काळपट झाले आहे, तर नखाने त्या काडीची साल किंचित खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर काडी जिवंत आहे, तपकिरी दिसले तर तेवढा भाग गेला.

हिरवे आणि घट्ट

सर्वाधिक तक्रारी याच प्रकारच्या असतात आणि यातले सर्वात मोठे कारण औषधाशी संबंधित नसते. ताण पुरेसा बसलेला नसतो. ज्या झाडाला जमिनीतून ओलावा मिळतो आहे त्याच्या पानांत ऑक्झिनचा ओघ चालू राहतो, आणि ओघ चालू असलेल्या पानाला इथिलीन दिले तरी देठाचा पट्टा सहसा उघडत नाही. हलक्या, मुरमाड जमिनीत महिनाभरात ताण बसतो. काळ्या, खोल जमिनीत त्याला दीड-दोन महिने लागू शकतात, कारण वरचा थर तडकलेला दिसला तरी खाली ओल असते. ताण बसला की नाही हे फवारणीच्या आधीच झाडावर दिसते. खालची पाने पिवळी पडून आपोआप गळायला लागतात आणि काडीच्या शेंड्याची वाढ थांबते. हे दिसत नसताना केवळ कॅलेंडर पाहून फवारणी करणे ही माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वात महागडी घाई आहे.

अर्धवट पानगळ झालेल्या बागेत हिरवी राहिलेली झाडे कुठे आहेत याचा वहीत नकाशा काढा. मुले हे काम मोठ्यांपेक्षा चांगले करतात, कारण त्यांना बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालायचा कंटाळा येत नाही. हिरवी झाडे बांधाकडेने एका ओळीत असतील आणि पलीकडे उसाचे शेत किंवा पाट असेल, तर पाणी तिकडून झिरपते आहे. एकच झाड हिरवे आणि शेजारची सगळी मोकळी असतील, तर त्याच्या बुडाशी ठिबकची नळी किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे का ते पाहा. बुडापासून वीतभर खोल माती उकरून मुठीत दाबावी. गोळा झाला तर ओल आहे. हिरवी झाडे बागेच्या सखल कोपऱ्यात असतील, तर तिथे पाणी साचत असावे. आणि सगळीच बाग हिरवी असेल, तर मागच्या महिन्यात अवकाळी पाऊस पडला होता का हे आठवा. हस्त बहाराच्या वेळी हा प्रकार नेहमीचा आहे, कारण परतीच्या पावसाच्या काळात ताण बसणे फारसे आपल्या हातात राहत नाही.

अवकाळी पावसाने किंवा उशिरा दिलेल्या नत्राने आणखी एक अडचण उभी राहते. काड्यांच्या शेंड्यांना नवी, तांबूस, कोवळी पालवी फुटते. कोवळी पाने सर्वात जास्त ऑक्झिन तयार करतात, म्हणून ती इथिलीनला सर्वात कमी दाद देतात. खालची जुनी पाने गळून गेली आणि शेंड्यावर हिरवा झुपका राहिला, असे दृश्य दिसले तर कारण हेच समजावे. त्या झुपक्यासाठी पुन्हा सगळ्या झाडावर फवारणी करण्याची गरज नसते. हलक्या छाटणीत तो भाग तसाही निघून जातो.

ताण नीट बसलेला असूनही पाने हिरवी राहिली असतील, तर पाण्याकडे वळावे. दुष्काळी पट्ट्यातील अनेक बोअरचे पाणी क्षारयुक्त असते आणि त्याचा सामू आठच्या आसपास किंवा वर असतो. इथेफॉन आम्ल द्रावणात टिकते हे वर आले आहेच; सामू चारच्या वर जाऊ लागला की ते तुटायला लागते. असे अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे पाणी इथेफॉनचे आम्ल मारून टाकते, मग औषध पानात शिरण्याऐवजी पिंपातच इथिलीन होऊन उडू लागते. सकाळी कालवून ठेवलेले द्रावण वीज गेली म्हणून संध्याकाळी फवारले, तर बागेला मिळते ते बरेचसे नुसते पाणीच असते. सामू मोजण्याच्या पट्ट्या स्वस्त असतात. फवारणीच्या आदल्या दिवशी नुसत्या पाण्यात पट्टी बुडवून रंग पाहणे आणि तो वहीत लिहून ठेवणे हे काम मुलांनी बिनधास्त करावे, कारण त्यात औषधाशी संबंध येत नाही. पाणी फार अल्कधर्मी निघाले, तर पावसाचे साठवलेले किंवा शेततळ्यातले पाणी वापरता येते किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने पाणी आधी आम्ल करून घेता येते. द्रावण मात्र लागेल तेवढेच करावे आणि लगेच संपवावे. इथेफॉनबरोबर १८:४६ म्हणजे डीएपी खत मिसळण्याची पद्धत सर्वत्र आहे. डीएपीचे पाणी किंचित अल्कधर्मी असल्यामुळे त्या मिश्रणाला तर अजिबात ताटकळत ठेवू नये.

थंडी हे आंबे बहारातले कारण आहे. इथेफॉन तुटण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. नाशिक जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एक आकडी होतो आणि अशा दिवसांत इथिलीन हळूहळू सुटते. सोलापूरकडे आठ दिवसांत जे दिसते ते तिकडे बारा-पंधरा दिवसांनी दिसले, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. घाबरून पाचव्या दिवशी दुसरी फवारणी केली आणि सातव्या दिवसापासून ऊन तापले, तर दोन्ही फवारण्यांचे इथिलीन एकदमच सुटते आणि आपण थेट पुढच्या बिघाडात जाऊन पडतो.

झाडाची एकच बाजू मोकळी झाली, किंवा बाहेरून मोकळे दिसणारे झाड आतून हिरवे राहिले, तर कारण सरळ आहे. इथेफॉन पडते त्या भागावरच मुख्यतः काम करते, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर फारसे जात नाही. नोझल झिजलेले होते, वारा एका दिशेचा होता किंवा फवारणाऱ्याने ओळीच्या एकाच बाजूने चालत काम उरकले.

तपकिरी आणि चिकटलेले

हा बिघाड मुलांना समजावून सांगायला मला सर्वात आवडतो, कारण तो ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. जास्त औषधाने जास्त पाने गळायला हवीत. प्रत्यक्षात जास्त औषधाने पाने झाडावरच राहतात. पान सोडणे हे जिवंत पेशींचे काम आहे. विकरे तयार करायला, ती भिंतीपर्यंत पोचवायला आणि बुचाचा थर घालायला पेशी जिवंत असाव्या लागतात आणि त्यांना काही दिवसांचा अवधी लागतो. मात्रा फार झाली किंवा फवारणी भर उन्हात झाली, की पाते आणि देठ दोन-तीन दिवसांतच करपतात, पट्ट्यातील पेशींचे काम अर्धवट राहते आणि वाळके पान देठासकट तिथेच अडकून बसते. वादळाने मोडलेल्या फांदीवरची पाने महिनोन्‌महिने वाळून लटकत राहतात, ती याच कारणाने.

मे महिन्यातल्या फवारणीत हे जास्त घडते, कारण मालेगाव-सोलापूरकडे पारा तेव्हा ४० अंशांच्या वर असतो. इथेफॉनची मात्रा साधारणपणे लिटरला १ ते २.५ मिलि इतकी असते. ताण चांगला बसला असेल आणि बरीच पाने आधीच पिवळी असतील, तर खालच्या टोकाची मात्रा पुरते. मागच्या वर्षी पाने राहिली म्हणून यंदा मात्रा दुप्पट, हा हिशेब घराघरांत होतो आणि मागच्या वर्षीचे खरे कारण ओल असेल, तर या दुपटीने काहीच सुटत नाही. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) अल्कधर्मी असते, ते इथेफॉनबरोबर कधीही मिसळू नये. त्याची पाळी छाटणीनंतर वेगळी येते.

वाळून चिकटलेल्या पानांवर पुन्हा इथेफॉन फवारून उपयोग नाही, कारण निरोप घ्यायला तिथे कोणी उरलेले नाही. ती छाटणीच्या वेळी हाताने झाडावी लागतात. झाडणे मात्र टाळू नये. तेलकट डागाचे म्हणजे तेल्याचे जिवाणू रोगट पानांवर टिकून राहतात, आणि बागेत तेल्या येऊन गेलेला असेल तर गळलेली आणि झाडलेली पाने गोळा करून बागेबाहेर नष्ट करणे पानगळीइतकेच महत्त्वाचे असते.

पाने गळली, काड्याही वाळल्या

इथे ताण कमी नव्हे, जास्त झालेला असतो. पेन्सिलीपेक्षा बारीक काड्यांत अन्नाचा साठा आधीच थोडा असतो. त्यावर लांबलेला ताण आणि जड मात्रा आली की काडी पानांच्या मागे जाते. नखाच्या परीक्षेत जिथपर्यंत तपकिरी दिसेल, त्याच्या थोडे खालून काडी छाटावी आणि पाणी सोडायला उशीर करू नये. पहिले पाणी हलकेच असावे, त्यालाच आंबवणी म्हणतात. ताणलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिले तर मुळांनाही ते सोसत नाही. एखाद्या झाडाच्या काड्या एका बाजूने वाळत जाऊन पुढे सगळे झाडच वाळू लागले, तर तो पानगळीचा बिघाड नसून मर रोग किंवा खोडकिडा असण्याची शक्यता आहे. खोडावर बारीक भोके आणि भुसा दिसतो का, तेवढे पाहून मोठ्यांना सांगावे.

घरात करून पाहण्याचा प्रयोग

इथेफॉनला मुलांनी हात लावायचा नाही, पण इथिलीनचे काम त्याशिवायही पाहता येते. फ्रिजमधल्या कढीपत्त्याची पाने दांडीवरून सुटून डब्याच्या तळाशी पडलेली तुम्ही पाहिलीच असतील. ताज्या कढीपत्त्याच्या सारख्या लांबीच्या काही काड्या घ्या. झाकणाच्या दोन डब्यांत त्या निम्म्या निम्म्या ठेवा. एका डब्यात दोन-तीन पिकलेली केळी ठेवा, कारण पिकणारे केळे भरपूर इथिलीन सोडते. दुसऱ्यात केळी ठेवू नका. दोन्ही डबे फ्रिजबाहेर सावलीत ठेवा. रोज एकदा झाकण उघडून प्रत्येक डब्यातील काडी टिचकीने हलवा आणि किती पाने पडली ते लिहा. केळ्यांच्या डब्यातील पाने लवकर सुटायला हवीत. सुटलेल्या पानाचे बूड भिंगाखाली पाहिले तर तीच गुळगुळीत खूण दिसते.

ऑक्झिनची बाजू पाहायची असेल तर कुंडीतले कोलियसचे झाड उपयोगी पडते. त्याच्या एका पानाचे पाते कात्रीने कापून टाका आणि नुसता देठ झाडावर ठेवा. शेजारचे पान अख्खे राहू द्या. पाते गेल्यामुळे ऑक्झिनचा ओघ थांबतो आणि थोड्याच दिवसांत तो बिनपात्याचा देठ बोट लावताच गळून पडतो, अख्खे पान मात्र जागचे हलत नाही. ओल असलेल्या बागेत हिरवी पाने का टिकून राहतात, हे मी अर्धा तास सांगून जेवढे कळेल त्याहून या कुंडीत अधिक कळते.

मुलांचे दोन प्रश्न

व्हिएतनामच्या युद्धात झाडांची पाने गाळण्यासाठी रसायने फवारली होती असे वाचलेली मुले विचारतात, की ते हेच का. ते हे नव्हे. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी सैन्याने दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि पिकांवर विमानांतून कोट्यवधी लिटर तणनाशके फवारली. त्यातले सर्वात कुप्रसिद्ध मिश्रण एजंट ऑरेंज हे होते आणि त्यात २,४-डी व २,४,५-टी ही दोन रसायने निम्मी निम्मी होती. दोन्ही रसायने ऑक्झिनची नक्कल करतात. पानाला टिकवून धरणारे ऑक्झिनच अतोनात प्रमाणात मिळाले तर झाडाची वाढ वेडीवाकडी होऊन झाड मरते. शिवाय २,४,५-टी तयार होताना त्यात डायऑक्सिन हे अतिविषारी द्रव्य मिसळले गेले होते आणि त्याचे परिणाम तिथल्या माणसांनी आणि सैनिकांनी पुढे अनेक वर्षे भोगले. आर्थर गाल्स्टन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तरुणपणी सोयाबीनवर काम करताना एका रसायनाची मात्रा वाढवली की पाने गळतात असे नोंदवले होते. आपल्या क्षेत्रातले ज्ञान युद्धात असे वापरले गेलेले पाहून त्यांनी त्या फवारणीविरुद्ध जाहीर मोहीम चालवली.

या प्रश्नाला बागेतलीही एक बाजू आहे. २,४-डी आजही ऊस, ज्वारी, गहू या पिकांत रुंद पानांच्या तणांसाठी वापरले जाते. तणनाशकाचा पंप नुसता पाण्याने विसळून त्याच पंपाने बागेत फवारणी केली, किंवा शेजारच्या उसातले तुषार वाऱ्याने बागेवर आले, तर पाने गळण्याऐवजी पिळवटतात. द्राक्ष आणि कापूस यांना तर त्याचा अगदी थोडा अंशही सोसत नाही. त्यांची पाने अरुंद, पंख्यासारख्या शिरांची होतात. कोवळी पाने अशी पिळवटलेली दिसली तर इथेफॉनला दोष देऊ नये, पंपाची चौकशी करावी. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळाच ठेवलेला बरा.

दुसरा प्रश्न फळाचा: हे औषध फळात उतरते का? पानगळीची फवारणी कळी निघण्याच्याही आधी होते आणि भगव्या वाणाचे फळ कळीपासून तोडणीपर्यंत सुमारे सहा महिने घेते. फवारणीच्या वेळी झाडावर फळ नसतेच, आणि पानात शिरलेले इथेफॉन तुटून वायू उडून गेलेला असतो.

मुलांनी काय करू नये

मूळ बाटलीतील इथेफॉन तीव्र आम्ल आहे आणि डोळ्यात उडाल्यास डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून माप घेणे, कालवणे आणि फवारणे ही तिन्ही कामे मोठ्यांनी हातमोजे व चष्मा घालून करायची आहेत. बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वात जास्त विषारी आणि हिरवा त्या मानाने सर्वात कमी. हिरवा त्रिकोण असला तरी ती बाटली खेळण्याची होत नाही. उरलेले औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये, आणि असे भरलेले घरात दिसले तर मुलांनी ते न हाताळता ताबडतोब सांगावे.

मुलांकडे नोंदवही असावी. ताण सुरू केल्याची तारीख, मधला पाऊस, पाण्याचा सामू, फवारणीची वेळ व त्या दिवसाचे तापमान, मात्रा, आणि आठव्या दिवशी कोणत्या ओळीत पाने हिरवी, पिवळी की तपकिरी, एवढे लिहून ठेवले तर पुढच्या वर्षी बाटलीवर संशय घेण्याआधी पाहायला काहीतरी हाती असते. त्या नोंदी आणि बिघडलेल्या काडीचा नमुना घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात गेल्यास तिथल्या तज्ज्ञांनाही नेमके कारण सांगणे सोपे जाते.